खांद्याचं ओझं कानांवर टाकू नका

महाराष्ट्रातील जिल्हा रायफल संघटनांचे पदाधिकारी, नेमबाजीचे प्रशिक्षक, रेंज चालवणारे आणि एन.सी.सी.चे अधिकारी यांस,



आपल्यापैकी काही जणांच्या हाताखाली मी शिकलो आहे आणि काही जणांच्या शेजारच्या लेनवर वर्षानुवर्षं पडून गोळ्या झाडल्या आहेत. त्यामुळे हे पत्र बाहेरून आलेल्या माणसाचं नाही. जे लिहितो आहे ते वेगवेगळ्या रेंजवर तोंडी बोलून झालं आहे. दर वेळी मान डोलावली गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत चालू राहिलं. म्हणून आता सर्वांसमक्ष लिहितो.

विषय आहे नळीच्या तोंडाशी बसवायच्या वस्तूंचा, म्हणजे मझल ब्रेक, कॉम्पेन्सेटर आणि सायलेन्सर यांचा. त्या धक्क्याचं आणि आवाजाचं काय करतात हे आपल्या रेंजवर नीट सांगितलं जात नाही. जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा अर्धंच असतं, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत मुलांचे कान मोजतात.

आपल्या राज्यात नेमबाजी हा आता चार हौशी माणसांचा खेळ राहिलेला नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला प्रोन रायफलमध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१३ साली चँगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. तिघंही कोल्हापूर जिल्ह्याची. त्यांच्याकडे बघून आईबाप बारा-तेरा वर्षांची मुलं घेऊन आपल्या दारात येतात, फी भरतात आणि विश्वासाने मूल आपल्या हवाली करतात. मूल वर्षभरात किती गुणांवर पोचलं हे आपण त्यांना सांगतो. त्याच्या कानांचं काय झालं, हे कुणी तपासत नाही.

आधी थोडं नळीच्या तोंडाशी काय घडतं ते सांगतो. आपल्याला ते माहीत असेलच, पण पुढची तक्रार त्यावरच उभी आहे.

गोळी नळीबाहेर पडते तेव्हा तिच्यामागे जळालेल्या दारूचा वायू प्रचंड दाबाखाली कोंडलेला असतो. गोळीचं बूच निघताक्षणी तो बाहेर उसळतो, आणि आपण ऐकतो तो दणका मुख्यतः या उसळीचा असतो. रायफलीच्या धक्क्यातही या वायूचा वाटा मोठा आहे. थर्टी-नॉट-सिक्सचं उदाहरण घ्या. सुमारे ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८८० मीटर वेगाने निघते आणि तिच्यामागे तीन ग्रॅमहून थोडी जास्त दारू जळते. हिशेब मांडला तर खांद्यावर येणाऱ्या रेट्यातला जवळजवळ दोन तृतीयांश गोळीचा आणि एक तृतीयांश वायूचा निघतो. साडेतीन किलोची रायफल अशाने सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने मागे येते. नवख्याच्या खांद्याला हे निश्चितच जड जातं.

मझल ब्रेक या वायूवर काम करतो. त्याला दोन्ही अंगांना खिडक्या असतात. पुढे जाऊ पाहणारा वायू त्यांच्या भिंतींवर आपटून बाजूला किंवा तिरका मागे वळतो आणि वळताना रायफलीला पुढे ओढतो. शेतातल्या तुषार सिंचनाचा फवारा पाणी एकीकडे फेकतो आणि स्वतः उलट्या बाजूला ढकलला जातो, तसंच हे. चांगला ब्रेक मोठ्या काडतुसाचा धक्का तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही कमी करतो. कॉम्पेन्सेटरच्या खिडक्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे नळीचं तोंड उचलायचं थांबतं. एकेएम रायफलीच्या टोकाला तिरका कापलेला तुकडा असतो, त्याचं काम हेच. सैन्याच्या रायफलींवरचा फ्लॅश हायडर निराळा. तो जाळ फोडतो. धक्का आणि आवाज यांच्यात त्याने फारसा फरक पडत नाही.

आता माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार. ब्रेक लावल्यावर वायूतली शक्ती नाहीशी होत नाही. समोर, टार्गेटच्या दिशेने जायचा तो दणका आता बाजूला आणि मागे फेकला जातो. मागे रायफल चालवणाऱ्याचे कान आहेत आणि बाजूला शेजारच्या लेनवरचा माणूस. मोठ्या बोअरच्या साध्या रायफलीचा दणका चालवणाऱ्याच्या कानाशी १६० डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो. ब्रेक त्यात ५ ते १० डेसिबलची भर घालतो. हा आकडा किरकोळ वाटतो, कारण डेसिबलचं माप आपल्या रोजच्या मापांसारखं चालत नाही. त्यात ६ वाढले की कानावरचा दाब दुप्पट होतो आणि २० वाढले की दहापट. म्हणजे खांद्याचा भार निम्मा झाला, त्याच वेळी कानावरचा दुप्पट झाला. खांदा सुजला तर आठवड्यात उतरतो. कानाला ती सोय नाही.

हे मी कागदावरून लिहीत नाही. एका रेंजवर पावसाळ्यात सराव चालला होता. वर पत्रा, लेनच्या मध्ये प्लायवूडचे पडदे, खाली सिमेंटची फरशी. एका टोकाला एक गृहस्थ ब्रेक लावलेली मोठी रायफल शून्यावर आणत होते. दोन लेन सोडून एक मुलगी पॉइंट टू-टू घेऊन प्रोनमध्ये पडली होती. तिच्या कानावर मफ होता, पण रायफलीच्या चीक-पीसवर गाल टेकवला की उजवा कप खालून उचलला जायचा आणि बोटभर फट पडायची. मोठ्या रायफलीचा बार झाला की फरशीवरची धूळ उडायची, पत्रा थरथरायचा आणि त्या मुलीचे दोन्ही डोळे मिटायचे. तिचा बार अजून झालेलाच नसायचा. ती नळी खाली करायची, श्वास घ्यायची, पुन्हा गाल टेकवायची. कोच मागून सांगत होते, "लक्ष विचलित होऊ देऊ नकोस." तिचं लक्ष जागेवरच होतं. शरीर मात्र दणक्याला उत्तर देत होतं, आणि ते कुणाच्याही सांगण्याने थांबत नाही.

मी त्या गृहस्थांना विचारलं. माणूस सज्जन होता, लगेच म्हणाला, "अहो, दुकानदाराने सांगितलं धक्का निम्मा होतो." दुकानदाराने खरंच सांगितलं होतं. बाकीचं सांगायचं काम रेंजचं होतं. कुणाच्या हातात काय आहे, ते कुठल्या लेनवर चालेल आणि त्या वेळी शेजारी कोण असेल, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, आणि म्हणून तक्रारही आपल्याकडेच आहे.

धक्का कमी करायला ब्रेकच हवा असंही नाही. साडेतीन किलोच्या रायफलीला वजनं लावून ती पाच किलोंची केली, तर खांद्यावर येणारी ऊर्जा सुमारे ३० टक्क्यांनी उतरते, आणि त्यासाठी कुणाचाही कान मोजावा लागत नाही. बट आपल्या मापाचा करून घेतला, त्यावर जाड रबराचा पॅड बसवला, खांद्याच्या खोबणीत तो पूर्ण टेकवला, की उरलेला त्रास बराच कमी होतो. आपल्याकडच्या कित्येक रायफली धडधाकट पुरुषाच्या मापाच्या आहेत आणि त्याच पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिल्या जातात. बट लांब पडतो, तो दंडावर सरकतो, तिथे काळानिळा डाग उठतो, आणि मग "हिला ब्रेक लावून द्या" असा सल्ला निघतो. तिला सुताराकडून दोन सेंटिमीटर बट कापून हवा असतो.

दुसरी तक्रार पॉइंट टू-टूबद्दल. मोबाइलवर परदेशी चित्रफिती बघून मुलं विचारतात, "सर, आमच्या रायफलीला मझल कधी लावायचं?" त्यांना सरळ उत्तर मिळायला हवं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलीवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर चालत नाहीत. नियम बाजूला ठेवला तरी त्याचा उपयोग शून्य आहे. या काडतुसात दारू चिमूटभरही नसते. गोळी अडीच ग्रॅमची, नळी लांब, आणि वायू तोंडाशी पोचेपर्यंत बराचसा निवलेला असतो. ओढून घ्यायला त्यात काही शिल्लकच नसतं. सहा-सात किलोंच्या मॅच रायफलीला त्या गोळीचा जेमतेम स्पर्श जाणवतो.

काही मॅच रायफलींच्या पुढे लांब पोकळ ट्यूब बसवलेली असते. ती दोन साइटमधलं अंतर वाढवायला असते. तिच्यात वायूला पसरायला थोडी जागा मिळते, त्यामुळे बार जरा वेगळा, बसका ऐकू येतो. एवढ्यावरून "हा एक प्रकारचा सायलेन्सरच" असं सांगणारे प्रशिक्षक मला भेटले आहेत, आणि त्या भरवशावर कानात काही न घालता बसलेली त्यांची मुलंही. कृपा करून हे सांगणं थांबवा. पॉइंट टू-टू रायफलीचा दणका कानाशी १४० डेसिबलच्या आसपास भरतो. त्याच काडतुसाचं आखूड नळीचं पिस्तूल १५० च्या पुढे जातं, कारण वायूला निवायला जागाच मिळत नाही. आवाज बारीक वाटतो तो फार थोडा वेळ टिकतो म्हणून. कानाचा पडदा आणि त्यामागच्या पेशी यांना ती सवलत मिळत नाही.

खऱ्या सायलेन्सरबद्दलही गैरसमज आहेत. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन इंजिनिअरने १९०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याचे वडील हायरम मॅक्सिम म्हणजे मशीनगनचे जनक. वर्षानुवर्षं गोळीबाराच्या सान्निध्यात राहिलेले हे वडील उतारवयात पार बहिरे झाले होते. सायलेन्सरमध्ये एकामागून एक कप्पे असतात. वायू त्यांत अडकत, निवत, रेंगाळत बाहेर येतो, म्हणून दणका २० ते ३५ डेसिबलने उतरतो आणि धक्काही काहीसा सौम्य होतो. धक्का आणि आवाज दोन्ही एकाच वेळी कमी करणारी तोंडावरची वस्तू ही एवढीच. पण १६५ मधून ३० गेले तरी १३५ उरतात. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर हवेत तिचा चाबकासारखा कडाका उठतोच, त्याला नळीच्या तोंडावरची कुठलीही वस्तू अडवू शकत नाही. सिनेमात ऐकू येतो तसा 'फुस्स' मोठ्या रायफलीतून निघत नाही.

फिनलंड, नॉर्वे, न्यूझीलंड इथे शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात, कानांच्या आणि आसपासच्या वस्तीच्या काळजीपोटी. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलरचा कर बसवला. तो २०२६ च्या जानेवारीपासून शून्यावर आणला, नोंदणी मात्र कायम ठेवली.   

आपल्याकडे शस्त्र नियमांत आवाज किंवा जाळ कमी करण्यासाठी बनवलेली उपसाधनं प्रतिबंधित वर्गात मोडतात. त्यात बदल करावा अशी माझी मागणी नाही आणि कुणी घरी खटपट करावी असं तर मुळीच म्हणायचं नाही, तो गुन्हा आहे. माझा मुद्दा सरळ आहे. नळीच्या तोंडाशी आवाज अडवण्याचा रस्ता आपल्याला बंद आहे. म्हणून तो कानाशी अडवण्याची जबाबदारी आपल्यावर दुप्पट येते. ती आपण पार पाडत नाही, ही माझी तिसरी तक्रार.

जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक दणक्यांसाठी मोठ्यांना १४० डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली आहे, आणि मुलांना १२०. हा दुसरा आकडा रेंजच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. पॉइंट टू-टूचा प्रत्येक बार मुलांसाठीची मर्यादा ओलांडतो. सरावाच्या एका दिवसात शंभरावर राउंड सहज जातात. एन.सी.सी.च्या शिबिरात छात्रांच्या वाट्याला मोजके राउंड येतात हे खरं, पण रांगेत एकाच वेळी अनेक रायफली वाजतात, आणि आपला क्रमांक येईपर्यंत बाकीची मुलं मागे उघड्या कानांनी बसलेली असतात. मी पाहिलेल्या शिबिरांत बहुतेकांच्या कानात कापसाचा बोळा होता. कापूस दणका अडवत नाही. तो फक्त कानात काहीतरी घातल्याचं समाधान देतो. पोलिसांच्या वार्षिक गोळीबार सरावात कानात रिकामी पुंगळी खोचणारे शिपाई मी पाहिले आहेत. त्यांना कुणी दुसरं काही दिलंच नव्हतं.

फोमचा प्लग मिळाला तरी तो घालायला शिकवावं लागतं. बोटांत वळून बारीक वात करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. स्वतःचा आवाज घशातून घुमल्यासारखा यायला लागला की प्लग बसला. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग पाकिटावर छापलेल्या आकड्याचा निम्माही उपयोग देत नाही. मफच्या गादीखाली चष्म्याची दांडी, वेणीची बट किंवा टोपीची कड आली की तिथून आवाज शिरतो. रायफल नेमबाजाला जाड कपाचा मफ चालतच नाही, तो स्टॉकला अडतो. त्याला आत प्लग आणि वर पातळ कप हवा. आणखी एक गोष्ट पालकांच्या पैशांची. स्पर्धेत खेळाडूला आवाज ग्रहण करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण असलेला मफ चालत नाही. हे आधी न सांगितल्यामुळे महागडे मफ घेऊन आलेल्या आणि स्पर्धेच्या दिवशी ते काढून ठेवायला लागलेल्या मुली मला माहीत आहेत. त्यांतली एक त्या दिवशी तशीच, उघड्या कानांनी खेळली.

कानाच्या आतल्या गोगलगाईच्या आकाराच्या नळीत पंधरा हजारांच्या आसपास केसपेशी असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. बंदुकीचा दणका आधी ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे उंच पट्टीच्या पेशी खातो. त्यामुळे माणसाला बहिरेपणा आल्याचं कळतच नाही. मोटारीचा आवाज येतो, ढोल ऐकू येतो, हाक ऐकू येते. फक्त स, श, फ, थ पुसट होतात. 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं, गर्दीत बोलणं कळेनासं होतं आणि घरचे म्हणतात, हल्ली लक्षच नसतं. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. माझ्या डाव्या कानात रात्री शांतता झाली की एक बारीक शिट्टी सुरू होते. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या निवृत्त जवानांना विचारा, तोफखान्यातल्यांना तर आवर्जून विचारा. तोफांच्या तोंडावरही ब्रेक असतात. ही शिट्टी कुणाकुणाला ऐकू येते हे कळेल.

"संध्याकाळी कान जरा गुंगतात, सकाळी मोकळे होतात" हे वाक्य मी अनेक प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे, धीर देण्यासाठी म्हटलेलं. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं, की तात्पुरत्या गुंगीनंतर ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाली तरी पेशी आणि नस यांना जोडणारे दुवे मोठ्या प्रमाणात कायमचे तुटलेले असतात. सकाळी मोकळा झालेला कान बरा झालेला असेलच, असं धरून चालता येत नाही.

दचक्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तो तुम्हा प्रशिक्षकांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. ट्रिगर दाबण्याच्या क्षणी मूल डोळे मिटतं, खांदा पुढे ढकलतं, गोळी टार्गेटवर घड्याळातल्या सातच्या दिशेला खाली जाते. निदान ठरलेलं असतं: धक्क्याला घाबरतो. मग ब्रेक, नाहीतर ओरडा. मी नवशिक्यांसोबत एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा करून पाहिली आहे. रायफल तीच, काडतूस तेच. फक्त नीट बसवलेला प्लग आणि त्यावर मफ. बऱ्याच मुलांचा दचका तिथल्या तिथे निम्मा होतो. शरीर ज्याला घाबरतं त्यात दणक्याचा वाटा फार मोठा आहे, आणि कान झाकले की धक्का तेवढा वाटत नाही. अशा मुलाच्या रायफलीला ब्रेक लावला, तर दचक्याच्या एका कारणावर औषध होतं आणि दुसऱ्याला खतपाणी मिळतं. त्याच्या शेजारच्या मुलाला तर केवळ दुसरंच मिळतं.

हवेच्या रायफलीबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नाही. दहा मीटरच्या हॉलमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही.

आता विनंत्या. मोठ्या खर्चाची एकही नाही.

ब्रेक किंवा कॉम्पेन्सेटर लावलेल्या बंदुकीला रेंजच्या एका टोकाची लेन द्या आणि वेळ वेगळी ठेवा. त्या वेळेत अठरा वर्षांखालचं मूल फायरिंग पॉइंटवर नको, मागच्या बाकावरही नको. नोंदवहीत शस्त्राचा क्रमांक लिहितो, तिथेच तोंडावर काय बसवलं आहे तेही लिहा. असा ब्रेक बहुधा आट्यांवर बसवलेला असतो. छताखाली सराव करायचा असेल तर तो काढून आट्यांवर टोपण चढवायला सांगा. बाहेरच्या मोकळ्या पॉइंटवर हवं तर लावू द्या.

कानांवर संरक्षण नसेल तर फायरिंग पॉइंटवर प्रवेश नाही, हा नियम खेळाडू, कोच, स्कोअर लिहिणारा, पालक आणि उद्घाटनाला आलेले पाहुणे या सर्वांना सारखा लावा. आंतरराष्ट्रीय नियम याबाबत आग्रह धरतात, सक्ती करत नाहीत. आपण सक्ती करायला कुणी अडवलेलं नाही. डोळ्यांच्या बाबतीत आणि नळीची दिशा सांभाळण्याच्या बाबतीत आपण किती कडक असतो! सुरक्षिततेत एखादा चुकला तर त्याला घरी पाठवायलाही मागेपुढे पाहत नाही. कान त्याच यादीत घ्या.

पहिल्या दिवशी मुलाला रायफल देण्याआधी प्लग घालायला शिकवा आणि दुसऱ्याने तपासून पाहायची सवय लावा. प्रवेशाच्या वेळी कानांची चाचणी करून घ्या आणि दर वर्षी ती पुन्हा करा. तालुक्याच्या गावीही आता ऑडिओमेट्री होते, तिचा खर्च काडतुसांच्या एका खोक्याच्या आसपास येतो. ४००० हर्ट्झला खड्डा दिसू लागला तर पालकांना स्पष्ट सांगा आणि सराव थांबवा.

नवी शेड बांधताना छताच्या आतल्या बाजूला आणि लेनच्या पडद्यांना आवाज शोषणारं अस्तर द्या. उघडा पत्रा आणि उघडी फरशी प्रत्येक दणका परत फेकतात. एन.सी.सी.च्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की शिबिराच्या सामानाच्या यादीत काडतुसांच्या खालच्या ओळीत प्लग लिहा. वाट पाहणारी मुलं रांगेच्या बरीच मागे बसवा.

आणि धक्का कमी कसा करायचा असं मुलाने विचारलं, तर बट, पॅड, वजन, बैठक या क्रमाने उत्तर द्या. मझल ब्रेकचं नाव त्यानंतर घ्या, आणि घेतलंत तर त्याच वाक्यात आवाज वाढतो हेही सांगा.

यंदाच्या जिल्हा स्पर्धांची माहितीपत्रकं छापून व्हायच्या आत त्यात कानांच्या सक्तीची एक ओळ घाला, एवढी कळकळीची विनंती.

आपला,
एक रायफल नेमबाज